मेटल डिटेक्टरची सर्च कॉइल मधेच वाजायला लागते – दोष कॉइलमध्ये, केबलमध्ये की मशीनमध्ये? (सोलापूर)

काळीमाती

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट अंदाज येणार नाही.

माझ्याकडे जमिनीतला धातू शोधायचं मशीन आहे, व्हीएलएफ टाइप (म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं), दांड्याच्या टोकाला ११ इंची डबल-डी कॉइल, पाच पिनचा गोल कनेक्टर. गुप्तधनाची भानगड नाही हे आधीच सांगतो. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यात लोकांच्या रानात हरवलेलं सामान शोधून देतो, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, ट्रॅक्टरची पिन, खुरपताना पडलेली जोडवी, मातीखाली गेलेला व्हॉल्व्ह असलं. आता मंगळवेढ्याकडं एका मावशींच्या मंगळसूत्राची एक वाटी ज्वारीच्या काढणीत पडलीय, कडबा बांधून झालाय आणि नांगरटीला ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, त्यामुळं घाई आहे.

आता लक्षणं. सकाळी गार असताना मशीन एकदम शहाणं. ऊन चढलं की बिघडतं. कॉइल धसकटाला लागली की टीं करून वाजतं, खाली बघावं तर काहीच नाही, आणि स्क्रीनवरचा आकडा कधी १२ कधी ८८, एका जागी थांबतच नाही. बिघडलं की खोलीपण जाते. एक रुपयाचं नाणं हवेत वीतभर अंतरावरून सहज पकडायचं ते चार बोटांवर येतं. मग थोडा वेळ सावलीत ठेवलं की परत ठीक, कधी कधी न ठेवतापण ठीक.

नवीन सेल टाकले, फॅक्टरी रिसेट केलं, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वगळायची सेटिंग) परत परत केला. फरक नाही. जिथून घेतलं तिथं फोन केला तर ऐकून न घेताच म्हणाले कॉइल बदला. नवीन कॉइलची किंमत मशीनच्या जवळजवळ निम्मी आहे हो. पैसे घालायच्या आधी दोष कॉइलमध्येच आहे हे खात्रीनं कसं ठरवायचं, एवढंच विचारायचंय.

रेडिओ_दुरुस्ती

छान लिहिलंय, लक्षणं अशी सांगितली की अर्धं काम होतं. कॉइलला हात लावायच्या आधी बाहेरच्या गोष्टी बाजूला काढू.

१. कॉइल आणि दांडा जोडणारा बोल्ट कुठला आहे? तो प्लॅस्टिकचाच पाहिजे, वॉशर रबराचे. तुटला म्हणून लोखंडी नटबोल्ट घातलेली मशीनं मी बघितलीत, ती धक्का लागला की वाजणारच.

२. केबल दांड्याला घट्ट गुंडाळलीय का? कॉइलच्या कानापाशी, म्हणजे केबल आत शिरते तिथं, लोंबती केबल हलत असेल तर मशीनच्या दृष्टीनं तो हलणारा तांब्याचा तुकडाच आहे.

३. कॉइलखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघा. आत माती साठते, आणि आपली काळी माती बेसॉल्टची आहे, तिच्यात मॅग्नेटाईटचे कण असतात. कव्हर आणि कॉइलच्या मधे ती माती सरकत राहिली तर मशीन गोंधळतं.

४. मोबाईल कुठल्या खिशात असतो? पायात पुढं लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज आहेत का?

हे झाल्यावर कॉइल हवेत धरून अजिबात न हलवता उभे राहा. ही मशीनं कॉइल हलली तरच टार्गेट दाखवतात. स्थिर धरून पण बडबड चालू राहिली तर ती बाहेरची वीज नाहीतर मशीनच्या आतला दोष. स्थिर धरल्यावर गप्प आणि हलवल्यावर बडबड, तर केबल नाहीतर कॉइल.

पाईपलाईन

आमचं काम पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराकडं, रस्त्याचं डांबर वर चढून गायब झालेली व्हॉल्व्ह चेंबरची झाकणं शोधायची, त्यामुळं रोजचंच आहे हे. काकांच्या यादीत एक जोडतो. आजूबाजूला झटका मशीन बघा. रानडुकरासाठी कुंपणाला लावतात ते. त्याचा झटका साधारण सेकंदाला एक असतो आणि मशीन त्याच तालात टक टक वाजतं. आपलं वाजणं घड्याळासारखं तालात असेल तर कॉइलला दोष देऊ नका.

हाय टेन्शन लाईनचं पण तसंच. रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन आहे ना, ३१ डिसेंबर २०१३ ला जिच्यामुळं दक्षिणेची ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडली गेली, तसल्या लाईनखाली उभं राहून कॉइल तपासायची म्हणजे वेळ वाया. ५० हर्ट्झ आणि त्याचे हार्मोनिक सगळे कॉइलमध्ये शिरतात. कॉइल आडवी, उभी, तिरकी फिरवून बघा, दिशा बदलल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर ती वीजच.

काळीमाती

काका, बोल्ट मूळचाच आहे, प्लॅस्टिकचा. केबलला दोन ठिकाणी वेलक्रो आहे. कव्हर काढून धुतलं, चमचाभर माती निघाली पण फरक नाही. मोबाईल गाडीच्या डिकीत ठेवतो. पायात साधी चप्पल.

पाईपलाईनभाऊ, झटका मशीन त्या शिवारात आहे पण लांब आहे, आणि आवाज तालात नाही.

स्थिर धरून बघितलं, गप्प. हलवलं की वाजतं. आणि एक नवीन कळलं, कॉइल हवेतच ठेवून नुसती केबल कानापाशी दोन बोटांत धरून वाकवली तरी वाजालंय. जमिनीचा संबंधच नाही.

रेडिओ_दुरुस्ती

मग माती सुटली, वीजपण सुटली. केबल नाहीतर कॉइल. मल्टिमीटर आहे का घरात?

हुरडा_पार्टी

मधे बोलतो म्हणून राग मानू नका, मी नवीन आहे. कॉइल म्हणजे नुसती गुंडाळलेली तार ना? मग तिच्यात बिघडण्यासारखं काय असतं?

तांबडी_तार

चांगला प्रश्न आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, सोप्यात सांगायचा प्रयत्न करते.

डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या असतात, मधे थोड्या एकमेकींवर चढवलेल्या. एक ट्रान्समिट, तिच्यातून काही किलोहर्ट्झचा एसी करंट सतत जातो. दुसरी रिसीव्ह, ती फक्त ऐकते. दोघींचा चढाव असा जुळवलेला असतो की ट्रान्समिटच्या क्षेत्राचा काही भाग रिसीव्हमधून एका दिशेनं जातो आणि काही भाग उलट दिशेनं, दोन्ही एकमेकांना मारतात आणि रिसीव्हवर जवळजवळ शून्य व्होल्टेज राहतं. सोनाराच्या तराजूचा काटा मधे आणून ठेवल्यासारखं. याला नल म्हणतात. जवळ धातू आला की त्याच्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे गोल प्रवाह) फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि नल मोडतो. मशीन जे वाजतं ते हा मोडलेला नल मोजून.

आता बघा, गुंडाळी आतल्या आत एखादा मिलिमीटर सरकली तरी नल मोडतो, म्हणून तर दोन्ही गुंडाळ्या इपॉक्सीत ओतून घट्ट केलेल्या असतात. ती इपॉक्सी आतून सुटली की कॉइल ठोकल्यावर वाजते. रिसीव्हची तार तुटून-जुळून करत असली की फटाफट खोटे सिग्नल येतात. ट्रान्समिट पूर्ण तुटली तर मशीन मुकं होतं. आणि गुंडाळीवर ग्रॅफाइटच्या रंगाचा एक थर असतो, त्याला शिल्ड म्हणायचं, तो केबलच्या शिल्डला जोडलेला असतो. तो जोड सुटला की नुसता हात किंवा ओलं गवत कॉइलला लागलं तरी वाजतं. म्हणजे प्रत्येक दोषाची लक्षणं वेगळी आहेत, ती ओळखता आली की निम्मी दुरुस्ती झाली.

हे सगळं नवीन नाही बरं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र नेलं होतं. गोळी काही सापडली नाही. गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी सिग्नल गढूळ केला, आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. काका आधी बोल्ट, बूट, मोबाईल का विचारतात ते यावरून समजेल.

भीमाकाठ

काळीमाती, तुमचं मॉडेल कुठलं ते फोटोवरून ओळखलं, माझ्याकडं तेच आहे, तीच ११ इंची कॉइल. मी पंढरपुरात असतो. मंगळवेढा मला जवळ आहे. येऊ का मशीन घेऊन? कॉइलींची अदलाबदल करून बघू, याच्याइतकी खात्रीची चाचणी दुसरी नाही. आणि मावशींची वाटी पण बघता येईल, नांगरट झाल्यावर मग काय हाती लागणार.

काळीमाती

भाऊ, यापेक्षा अजून काय पाहिजे! नंबर व्यनित पाठवलाय. सकाळी लवकर या, ऊन व्हायच्या आत.

व्यवस्थापक

धाग्यावर दोन जणांनी "किल्ल्यात वापरता येतं का" असं विचारलं होतं, ते प्रतिसाद काढले आहेत. सोलापूरचा भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, १९५८ चा स्मारकांचा कायदा तिथं लागू आहे, तिथं खोदकाम करता येत नाही. बाकी ठिकाणीसुद्धा जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शेतात पडलेलं स्वतःचं मंगळसूत्र शोधणं ही वेगळी गोष्ट आहे. यावर इथं चर्चा वाढवू नये, धागा कॉइलचा आहे.

भीमाकाठ

आधी आनंदाची बातमी. वाटी सापडली! वरंब्याच्या कडेला, ढेकळाखाली चार बोटं आत. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्यात, अजून थोडे दिवस गेले असते तर भेगेत खोल गेली असती. मावशींनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. काढणी ज्वारीच्या कुठल्या ओळीपर्यंत आली होती तेव्हा गळ्यात सगळं होतं ते त्यांना नेमकं आठवत होतं, त्यामुळं निम्मं रान बघावंच लागलं नाही.

आता कॉइलचं. त्यांची कॉइल माझ्या मशीनला लावली, ऊन होईपर्यंत थांबलो, माझं मशीन पण तसंच बडबडायला लागलं. माझी कॉइल त्यांच्या मशीनला लावली, तासभर धसकटातून फिरवली, एकदाही खोटं वाजलं नाही. म्हणजे दोष कॉइलबरोबर फिरतोय. मशीन निर्दोष.

पाईपलाईन

वा! शाब्बास दोघांना.

रेडिओ_दुरुस्ती

भीमाकाठ, तुम्ही मोठं काम केलंत. आता मीटर लावायचा. काळीमाती, असं करा.

कॉइल मशीनमधून काढा, नुसता कनेक्टर हातात घ्या. मीटर २०० ओहमच्या रेंजवर. आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते लिहून ठेवा, स्वस्तातल्या मीटरला अर्धा ओहम तर वायरीचाच असतो, तो नंतर वजा करायचा. मग पाच पिनांच्या सगळ्या जोड्या एकेक करून मोजा. साधारण दोन जोड्यांत रेझिस्टन्स मिळेल. कमी दाखवणारी बहुतेक ट्रान्समिट, जाड तारेची. जास्त दाखवणारी रिसीव्ह, बारीक तारेची आणि जास्त वेढ्यांची. पाचवी पिन शिल्ड, ती काही मशीनांत आतून एखाद्या गुंडाळीच्या टोकाला जोडलेली असते, तसं दिसलं तर घाबरू नका.

काही नवीन कॉइलींच्या आत छोटं सर्किट असतं, तिथं हे आकडे निरर्थक येतात. तुमची त्यातली नाही असं वाटतं, पण भीमाकाठांच्या चांगल्या कॉइलचे आकडे पण घ्या, शेजारी शेजारी ठेवून बघितले की शंका राहणार नाही.

आणि मुख्य म्हणजे नुसतं मोजून थांबू नका. मीटर लावून ठेवायचा, दुसऱ्या माणसानं केबल कनेक्टरपासून कॉइलपर्यंत दोन-दोन बोटं पुढं सरकत वाकवत जायची. तुटकी तार शांत पडलेली असताना चांगल्या तारेसारखीच दिसते. ती हलवतानाच पकडायची असते.

काळीमाती

मोजलं. वायरीचा रेझिस्टन्स वजा करून आकडे असे.

माझी कॉइल: एक जोडी ११.४, दुसरी ३८.२ ओहम.
भीमाकाठांची: ११.५ आणि ३८.०.

म्हणजे गार असताना दोन्ही सारख्याच. मग माझी गच्चीवर उन्हात ठेवली आणि परत मोजली तर दुसरी जोडी ४०.६ दाखवायला लागली! हाच दोष असणार ना? ऊन लागलं की वाढतंय.

केबल वाकवायचं अजून केलं नाही, धाकटा भाऊ आला की करतो.

तांबडी_तार

थांबा, हा दोष नाही. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. ३८.२ चं ४०.६ झालं म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास वाढ, म्हणजे तार साधारण १६ अंशांनी तापली. काळ्या प्लॅस्टिकची कॉइल सोलापूरच्या गच्चीवर ठेवल्यावर एवढं तापणारच. भीमाकाठांची कॉइल त्याच गच्चीवर ठेवली तर तीही असंच दाखवेल. वाढ सावकाश आणि सरळ रेषेत असेल तर ती निरोगी तार आहे. दोष असेल तर आकडा उडी मारतो, ३८ वरून ६०, ६० वरून थेट ओपन.

आणखी एक सांगून ठेवते, पुढं कुणाला तरी लागेल. गुंडाळीतले दोन-चार वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले तर मीटरवर जवळजवळ काहीच कळत नाही, रेझिस्टन्स किंचित कमी होतो इतकंच. पण तो शॉर्ट झालेला वेढा म्हणजे कॉइलमध्येच कायमचा बसलेला धातू, त्यामुळं खोली खूप जाते आणि नल बिघडतो. ते पकडायला एलसीआर मीटरवर इंडक्टन्स मोजून चांगल्या कॉइलशी ताडून बघावा लागतो. तुमचं वाजणं येतं-जातं आणि केबल वाकवल्यावर येतं, त्यामुळं इथं मला तसं वाटत नाही.

काळीमाती

ताई, हे कुणीच सांगितलं नसतं. मी कॉइल फोडायलाच निघालो होतो.

काळीमाती

सापडलं!!

भावानं मीटर धरला, मी केबल वाकवत गेलो. कनेक्टरपासून दांड्यापर्यंत ३८.२, ३८.२, काही हालचाल नाही. जिथं केबल कॉइलच्या कानातून आत शिरते, तो रबराचा लवचिक भाग असतो ना, तिथं बोटानं खाली दाबलं की ओपन, वर उचललं की ३८, मधे धरलं की ४५-७०-५२ असं नाचतंय. ट्रान्समिटची जोडी मात्र कशीही वाकवा, ११.४ च.

आता विचार केला तर कारणपण समजतंय. मोटरसायकलवर नेताना कॉइल दांड्याला समांतर दुमडून बांधतो, तेव्हा केबल बरोबर त्याच जागी काटकोनात वाकते.

रेडिओ_दुरुस्ती

शंभरातली बहुतेक कॉइल इथंच मरते. गुंडाळीला सहसा काही होत नाही, इपॉक्सीत बंद असते बिचारी. जिथं मऊ केबल संपते आणि कडक इपॉक्सी सुरू होते त्या रेषेवर सगळा ताण येतो. उन्हात रबर मऊ झाला की केबल तिथं जास्त वाकते आणि तुटलेली टोकं सुटतात, सकाळी गारव्यात रबर ताठ असतो म्हणून टोकं टेकून राहतात. तुमचं सकाळ-दुपारचं कोडं हेच.

ही दुरुस्त होते. नवीन कॉइल घेऊ नका. पण घाई करायची नाही, आणि मी सांगतो त्या वस्तू आधी गोळा करा. बारीक टोकाची २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, रोझिन असलेलं सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, बारीक सँडपेपर, हॉबी चाकू, आणि सावकाश वाळणारं दोन भागांचं इपॉक्सी. पाच मिनिटांत वाळणारं नको, ते घट्ट होता होता जागेवर नीट शिरत नाही.

दोन गोष्टी अजिबात वापरू नका. एक, पुट्टीसारखं मळून लावायचं सील, ते पोकळीत वाहत नाही, आत हवा राहते आणि पाणी शिरतं. दुसरं, आंबट व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन. तो वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतो आणि तांबं खातो, जोड सहा महिन्यांत हिरवा पडतो. सिलिकॉनच लावायचा असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या, आंबट वास नसलेला.

पाईपलाईन

काका, केबल थोडी कापावी लागेल ना? लांबी कमी झाली तर ट्यूनिंग बिघडणार नाही का?

तांबडी_तार

दोन-चार इंचांनी काही होत नाही. केबलची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरा, आणि व्हीएलएफ मशीनमधले ट्यूनिंगचे कपॅसिटर त्याच्या कित्येक पट मोठे असतात. उलट केबलच्या मधेच जोड देऊन लांब करणं वाईट, तिथं शिल्ड उघडी पडते.

काळीमाती

दुरुस्ती झाली. फोटो खाली टाकतोय, पण लिहून पण ठेवतो.

कॉइल टेबलावर टॉवेल घालून उलटी ठेवली (आपल्या सोलापुरी टॉवेलाचा आणखी एक उपयोग). कानापाशी आधी पेन्सिलनं दोन सेंटिमीटरची चौकट आखली, त्याच्या बाहेर जायचं नाही असं ठरवून, कारण काकांनी फोनवर बजावलं होतं की गुंडाळी कडेनं पळते, चाकू सरकला तर संपलं. छोट्या ड्रिलनं इपॉक्सी खरवडत गेलो, एका वेळी अगदी थोडी, मधेमधे फुंकर मारायची आणि भिंगातून बघायचं. इपॉक्सीची पांढरी भुकटी निघते ती नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

आत रबराच्या टोकाला लागूनच हिरवं आवरण असलेली वायर दिसली. आवरण साबूत! बाहेरून काही कळणार नाही. आवरण तासलं तर आत तांब्याच्या बारीक तारा सगळ्या तुटलेल्या, टोकं काळी पडलेली, फक्त एक तार दुसऱ्या टोकाला टेकून होती. त्या एका तारेवर माझं मशीन सकाळी चालत होतं. शिल्डच्या जाळीच्या पण निम्म्या तारा गेल्या होत्या, थोड्या दिवसांत ती पण सुटली असती.

केबल त्या जागेच्या वर तीन इंचांवर कापली, खराब तुकडा टाकून दिला. आतली टोकं मात्र मोठी पंचाईत. गुंडाळीच्या तारेवर इनॅमल असतं, ते न काढता सोल्डर केलं तर वरून छान दिसतं आणि आत जोडच नसतो. बारीक सँडपेपरची घडी करून त्यात तार धरून हलकेच ओढली, तांबं गुलाबी चमकायला लागलं, मग आधी दोन्ही टोकांना वेगवेगळं कथील चढवलं आणि मग एकत्र आणून क्षणभर इस्त्री टेकवली. प्रत्येक जोडावर स्लीव्ह. शिल्डची जाळी पिळून एक वायर केली आणि आतून येणाऱ्या शिल्डच्या तारेला जोडली.

इपॉक्सी ओतायच्या आधी सगळं मीटरवर आणि मशीनवर तपासलं. हे महत्त्वाचं, ओतल्यावर परत खोदायला लागू नये. केबल वाकवत मोजलं, ३८.१ वर खिळा ठोकल्यासारखं थांबलं. मग इपॉक्सी ओतून रात्रभर आणि दुसरा दिवसभर सपाट ठेवलं. बाहेरच्या बाजूला केबलवर हीट श्रिंकचे दोन थर चढवले, एक लांब आणि त्यावर एक आखूड, म्हणजे केबल एका रेषेवर न वाकता गोलाईत वाकते.

भीमाकाठ

लई भारी काम केलंय! उन्हात फिरवलं का?

काळीमाती

फिरवलं. भर दुपारी, मुद्दाम धसकटातच, ठोकत ठोकत. नाणं परत वीतभरावरून पकडतंय. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन कॉइल बुडवून पण बघितलं, ओला तळहात ठेवून बघितला, गप्प आहे. सामानाला सगळं मिळून नवीन कॉइलच्या किमतीच्या मानानं काहीच लागलं नाही.

आता दुमडून बांधणं बंद. बोल्ट सैल करून कॉइल पूर्ण काढतो आणि केबलचं मोठं वेटोळं करून पिशवीत आडवी ठेवतो.

रेडिओ_दुरुस्ती

मन भरून आलं वाचून. आजकाल कुणी खोलून बघत नाही, "बदला" म्हणतात आणि मोकळे होतात. एका तारेपायी चांगली कॉइल कचऱ्यात जाते. तुम्ही हे सविस्तर लिहिलंत त्यामुळं पुढच्या दहा जणांच्या कॉइली वाचतील. पाच पिनांचा कनेक्टर पण एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आत.

पाईपलाईन

आमच्याकडं दुसरं एक पल्स इंडक्शन मशीन आहे, एकाच गुंडाळीचं, मोनो कॉइल. त्याला हीच पद्धत चालेल का?

तांबडी_तार

वाकवत मोजायची पद्धत तीच. पण मोनो कॉइल बऱ्याचदा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळं साध्या मीटरवर आकड्यापेक्षा तो नाचतो का हे बघा. आणि पल्स मशीनमध्ये करंट तोडल्यावर कॉइलवर शेकडो व्होल्टचा झटका येतो, तेव्हा जोडावरचं इन्सुलेशन चांगलं पाहिजे, नुसती चिकटपट्टी चालणार नाही. मशीन चालू असताना उघड्या जोडाला हात लावू नका.

हुरडा_पार्टी

सगळा धागा दोनदा वाचला. आता माझं विचारतो. माझ्या मशीनवर कोरड्यात काहीच त्रास नाही, पण पहाटे दव पडलेल्या गवतातून किंवा उसाच्या ओल्या पाल्यातून नेलं की वाजतं. ताईंनी वर शिल्डचं लिहिलंय, तेच असेल का? केबल वाकवून काही होत नाही.

तांबडी_तार

लक्षण तरी शिल्डचंच आहे. आधी सोपी चाचणी करा. कॉइल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवा, अंगठी-कडं काढून हात ओला करा आणि खालच्या बाजूला तळहात हळूहळू टेकवा-उचला. मशीन वाजलं तर ग्रॅफाइटचा थर आणि केबलच्या शिल्डचा संपर्क तुटलाय असं धरून चला. वाजलं नाही तर कव्हर काढून कॉइलच्या पृष्ठभागावर बारीक तडा आहे का ते टॉर्च तिरका धरून बघा, तड्यातून पाणी आत जात असेल तरी असंच होतं, मग ती आधी दोन-तीन दिवस सावलीत सुकवून तडा इपॉक्सीनं बुजवावा लागेल, ओली असताना वरून बंद केली तर पाणी आतच राहील. कनेक्टरच्या पिनांचे आकडे आणि तळहाताच्या चाचणीत काय झालं ते इथंच लिहा, मॉडेल पण सांगा, भीमाकाठ किंवा काळीमाती यांच्याकडं तेच असेल तर आकडे ताडून बघता येतील.